रुग्णालयाला यंत्र द्यायचंय : नाशिकच्या क्लबांसाठी खरेदीआधीची चर्चा

गोदाघाट

कोविडच्या दोन लाटांत रोटरी, लायन्स, जेसीआय आणि गल्लीबोळातल्या मंडळांनीही रुग्णालयांना कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र), बायपॅप (मास्कमधून दाबाने श्वास देणारं यंत्र), व्हेंटिलेटर, मॉनिटर असं पुष्कळ दिलं. आता पुन्हा बऱ्याच क्लबांत आपत्कालीन तयारी म्हणून यंत्रांचे प्रस्ताव येतायत. प्रस्तावात बहुधा दोनच गोष्टी असतात, यंत्राचं नाव आणि कोटेशनचा आकडा. ते चालवणार कोण, कुठल्या खोलीत बसणार, तिसऱ्या वर्षी बंद पडलं तर दुरुस्तीचे पैसे कोण भरणार, यावर एक ओळ नसते.

म्हणून हा धागा. जाणकारांनी आकड्यांसह लिहावं. सुरुवात मी मागणीपत्रापासून करतो.

यंत्र ठरवायच्या आधी रुग्णालयाकडून लेखी मागणी घ्या, आणि ती योग्य माणसाच्या सहीची घ्या. जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्य चिकित्सकांच्या अखत्यारीत येतात. प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. बिटको किंवा झाकिर हुसेनसारखी रुग्णालयं महापालिकेची, तिथे महापालिकेचा वैद्यकीय विभाग. मालेगावची महापालिका वेगळी आहे, हे शहरातले क्लब हमखास विसरतात. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी फोनवर ‘हो, द्या’ म्हटलं एवढ्यावर ऑर्डर टाकू नका. त्यांची बदली झाली की त्या यंत्राचा वाली जातो.

दुसरी अडचण क्लबांच्या रचनेतली. रोटरी आणि लायन्सचं वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं, जेसीआयचं जानेवारी ते डिसेंबर. म्हणजे यंत्र एका अध्यक्षाच्या काळात येतं, एक वर्षाची वॉरंटी पुढच्याच्या काळात संपते आणि पहिली मोठी दुरुस्ती तिसऱ्याच्या गळ्यात येते. त्या तिसऱ्याच्या अंदाजपत्रकात तिची तरतूद नसते. देखभालीचा पैसा खरेदीच्या दिवशीच बाजूला काढून ट्रस्टच्या नावे मुदत ठेवीत टाकणं, एवढा एकच उपाय मला टिकाऊ वाटतो.

बायोमेड_अंबड

गोदाघाट, चांगला विषय काढलात. मी ऑक्सिजनपासून सुरू करतो, कारण श्वासाचं कुठलंही यंत्र द्यायचं तर आधी त्याला पुरेल एवढा प्राणवायू तिथे आहे का हे बघावं लागतं.

जम्बो सिलिंडर (डी टाइप) भरलेला असेल तर त्यात साधारण ७ घनमीटर, म्हणजे ७,००० लिटर वायू असतो. छोट्या बी टाइपमध्ये साधारण १,५००. आता हिशेब करा. मिनिटाला १० लिटरवर असलेल्या एका रुग्णाला जम्बो साडेअकरा तास पुरतो. अशा २० खाटांच्या वॉर्डाला दिवसाला २,८८,००० लिटर लागतात, म्हणजे ४१ जम्बो. आणि नाकातून जोरात ऑक्सिजन देणारं हाय फ्लो (एचएफएनसी) मशीन ६० लिटरवर शंभर टक्के ऑक्सिजनने चाललं तर एक जम्बो दोन तासही टिकत नाही, दिवसाला बारा-तेरा लागतात, एका रुग्णाला. ग्रामीण रुग्णालयात चार-सहा सिलिंडरचा मॅनिफोल्ड, म्हणजे एकत्र जोडलेला संच, असतो. तिथे तीन हाय फ्लो मशीन देणं म्हणजे बाकी वॉर्डाचा ऑक्सिजन काढून घेणं.

पाइपलाइनचंही तसंच. लाइनचा दाब ४ बारच्या आसपास हवा. पाइपाचा व्यास जुन्या गरजेपुरता असेल तर एका टोकाला दोन-तीन हाय फ्लो मशीन सुरू झाल्यावर दुसऱ्या टोकाचा दाब पडतो आणि व्हेंटिलेटर अलार्म देत राहतात. दोष व्हेंटिलेटरचा नसतो, पण ‘क्लबने दिलेलं मशीन खराब’ अशी नोंद होते.

भिंतीवरच्या आउटलेटचा प्रकारही पाहून घ्या. ब्रिटिश, जर्मन आणि अमेरिकन पद्धतीचे प्रोब, म्हणजे नळीच्या टोकाच्या जोडण्या, एकमेकांच्या आउटलेटमध्ये बसत नाहीत. यंत्र आलं, प्रोब बसला नाही, आणि पाच हजारांच्या आत मिळणाऱ्या भागासाठी लाखांचं मशीन खोक्यात राहिलं, असं होतं. मागणीपत्रासोबत आउटलेटचा, प्लगचा आणि मॅनिफोल्डचा फोटो मागवा.

सातपूरकर

मग सरळ पीएसए प्लांटच का देऊ नये? हवेतून ऑक्सिजन तयार होतो, सिलिंडरची कटकट संपली. चार क्लब आणि एमआयडीसीतल्या दोन कंपन्या एकत्र आल्या तर जमण्यासारखं आहे.

बायोमेड_अंबड

सातपूरकर, प्लांट चांगला, पण तो कुठे शोभतो ते सांगतो. मिनिटाला ५०० लिटरचा प्लांट चोवीस तास चालला तर ७२० घनमीटर देतो, म्हणजे शंभरएक जम्बोंइतका. ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयाला साथ नसताना त्याच्या दहाव्या हिश्श्याचीही गरज नसते. मग प्लांट बंद ठेवतात, आणि बंद ठेवला की तो बिघडतो. टॉवरमधला झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे दाणे) ओलावा धरतो, ऑक्सिजनची शुद्धता घसरते. ती ९३ टक्के, तीन इकडे-तिकडे, एवढी असायला हवी.

प्लांट म्हणजे फक्त दोन टॉवर नव्हेत. कॉम्प्रेसर, हवेची टाकी, ड्रायर, तेल आणि धूळ अडवणारे फिल्टर, दोन टॉवर, ऑक्सिजनची टाकी, जिवाणू फिल्टर, शुद्धता मोजणारा अॅनालायझर अशी साखळी आहे. यातला ड्रायर बिघडला आणि कोणी लक्ष दिलं नाही तर महागडा झिओलाइट वाया जातो. एका घनमीटरला साधारण एक ते दीड युनिट वीज लागते, म्हणजे ५०० लिटरच्या प्लांटला ३० ते ४५ किलोवॅटचा भार. महावितरणचा मंजूर भार वाढवणं, जनरेटर, शेड, पाया, लाइनला जोडणी हे सगळं कोटेशनच्या बाहेर असतं.

आणखी एक मोठा गैरसमज आहे. प्लांटमधून ४-५ बार दाबाने ऑक्सिजन येतो, सिलिंडर भरायला १५० बारच्या आसपास लागतो. बूस्टर कॉम्प्रेसर नसेल तर प्लांटवरून सिलिंडर भरता येत नाहीत. वीज गेली, जनरेटर सुरू झाला नाही, की पुरवठा शून्य. त्यामुळे प्लांट असला तरी भरलेले जम्बो राखीव ठेवावेच लागतात.

पीएम केअर्समधून आणि कंपन्यांकडून २०२१ मध्ये बरेच प्लांट बसले आहेत. नवीन देण्याआधी तालुक्यातला बसलेला प्लांट चालू आहे का ते बघा. त्याचे फिल्टर, ऑपरेटरचा पगार आणि वर्षाचं सर्व्हिसिंग क्लबने उचललं तर नव्या प्लांटच्या किमतीच्या छोट्या तुकड्यात तेवढाच ऑक्सिजन मिळेल. कोनशिला लागणार नाही, पण काम होईल.

भूलतज्ज्ञ

वरच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. राखीव साठ्याबद्दल नाशिककरांना वेगळं सांगायला नको. २१ एप्रिल २०२१ ला डॉ. झाकिर हुसेन रुग्णालयात द्रव ऑक्सिजनच्या टाकीजवळ गळती झाली, काही वेळ पुरवठा तुटला आणि वीसहून अधिक रुग्णांचे प्राण गेले. टाकी असो वा प्लांट, मुख्य स्रोत बंद पडला तर आपोआप मॅनिफोल्डवर जाणारी जोडणी, दाब कमी झाल्याचा आवाज करणारा अलार्म, आणि अतिदक्षता विभागातल्या प्रत्येक दोन खाटांमागे रेग्युलेटर लावून तयार ठेवलेला एक सिलिंडर. या तीन गोष्टी एका व्हेंटिलेटरपेक्षा स्वस्त आहेत आणि देणगीच्या यादीत कधी दिसत नाहीत. क्लबांनी यांचा विचार आधी करावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता व्हेंटिलेटर. तो चालवायला चोवीस तास माणूस लागतो, म्हणजे तीन पाळ्यांत प्रशिक्षित परिचारिका आणि फोनवर नव्हे, आवारात डॉक्टर. जिथे फिजिशियन किंवा भूलतज्ज्ञ नाही तिथे तो देऊ नका. तिथे बायपॅप, मल्टिपॅरा मॉनिटर, सक्शन मशीन, आणि रुग्णाला सुरक्षित पुढे पाठवता येईल असा ट्रान्सपोर्ट व्हेंटिलेटर रुग्णवाहिकेत. पेठ-सुरगाण्याहून नाशिकला येणाऱ्या रुग्णाचा घाटातला प्रवास धोक्याचा असतो, त्यावर खर्च करा.

घ्यायचाच असेल तर टर्बाइनचा घ्या. त्याला वेगळी दाबाची हवा लागत नाही. कमी दाबाचा ऑक्सिजन घेण्याची सोय त्यात आहे का तेही विचारा. कॉन्सन्ट्रेटर अर्ध्या बारच्या आसपासच दाब देतो, नेहमीच्या व्हेंटिलेटरला तो जोडून चालत नाही.

द्राक्षबाग_पिंपळगाव

डॉक्टर, व्हेंटिलेटरसोबत किती सुटे भाग घ्यावेत? कोटेशनमध्ये ‘विथ स्टँडर्ड अॅक्सेसरीज’ एवढंच लिहितात.

भूलतज्ज्ञ

तो शब्द खोडायला लावा आणि नग लिहून घ्या. एका मशीनमागे मी असं मागेन: पुन्हा वापरता येणारे दोन सर्किट (रुग्णापर्यंतच्या नळ्यांचा संच), एकदाच वापरायचे निदान वीस, एचएमई (श्वासातला ओलावा राखणारे) आणि जिवाणू फिल्टर पन्नास-पन्नास, दोन जादा फ्लो सेन्सर, एक जादा ऑक्सिजन सेल, एक टेस्ट लंग (मशीन तपासायची रबरी पिशवी), आणि बायपॅपसाठी वापरायचं असेल तर नॉन-व्हेंटेड मास्क तीन मापांत. छिद्राचा मास्क चुकीच्या सर्किटला लावला की गळती होते आणि मशीन सतत अलार्म देतं. सेन्सर त्याच कंपनीचा लागतो, म्हणून पाच वर्षांचा दर खरेदीच्या वेळीच लेखी बांधून घ्या. नंतर विचाराल तर कंपनी म्हणेल तो भाव.

ऑक्सिजन सेलची आणखी एक गोष्ट. तो रासायनिक असतो, मशीन बंद असलं तरी हवेतल्या ऑक्सिजनने झिजतो, साधारण वर्ष-दोन वर्षं टिकतो. दोन वर्षं कपाटात असलेलं ‘कोरं’ मशीन सुरू केलं की पहिला अलार्म त्याचाच येतो.

वायरमन_सिडको

विजेचं मी सांगतो. ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३५० वॅट घेतो, १० लिटरचा ६०० च्या आसपास. एका वॉर्डात १० लिटरचे दहा लावले की सहा किलोवॅट, तेही चोवीस तास. जुन्या वॉर्डातली वायरिंग पंखे-दिव्यांची असते. एक्स्टेन्शन बोर्डावर तीन-तीन लावले की बोर्ड वितळतो. ऑक्सिजन खेळत असलेल्या खोलीत ठिणगी म्हणजे काय ते ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या आगीने दाखवलं.

म्हणून प्रत्येक खाटेला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट, चार-पाच पॉइंटमागे एक एमसीबी, आणि जनरेटरच्या लाइनवर जोड. अर्थिंग मोजून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमधला दाब दोन-तीन व्होल्टच्या वर असेल तर मॉनिटरवर ईसीजीची रेषा थरथरते आणि लोक मॉनिटरला दोष देतात. सुरगाणा, पेठ, कळवणकडे पावसाळ्यात व्होल्टेज खाली-वर होतं, तिथे प्रत्येक कॉन्सन्ट्रेटरला स्टॅबिलायझर लावाच.

सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमधून सिलिंडरची ट्रॉली, भिंतीला साखळीची चौकट, मॉनिटरचं स्टँड हे उत्तम आणि स्वस्तात बनतं. पण दाब असलेली कुठलीही वस्तू, रेग्युलेटर, एफए व्हॉल्व्ह (सिलिंडरवरचा प्रवाह कमी-जास्त करणारा), मॅनिफोल्डची नळी, स्थानिक बनवू नका. ऑक्सिजनच्या जोडणीला तेल किंवा ग्रीस लावणं तर कधीच नाही, आग लागते. व्हॉल्व्ह घट्ट झाला म्हणून फॅब्रिकेटर सवयीने ग्रीस लावतो, त्याला आधीच बजावून ठेवा.

सीए_गंगापूररोड

पैशाच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि प्रत्येकीचं कुंपण वेगळं आहे.

स्थानिक देणग्या क्लबच्या खात्यात नव्हे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या आणि ८०जी मंजुरी असलेल्या ट्रस्टच्या खात्यात घ्या, तरच देणगीदाराला ८०जीची प्राप्तिकर सवलत मिळते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. २०२१-२२ पासून ट्रस्टला फॉर्म १०बीडी (देणग्यांचं विवरण) भरून देणगीदाराला १०बीई प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्यासाठी पॅन आणि पत्ता पैसे घेतानाच घ्या, मार्चअखेरीस शोधत बसू नका.

कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामांसाठीचा) निधी हवा असेल तर ट्रस्टकडे प्राप्तिकराची १२ए आणि ८०जी नोंदणी, तीन वर्षांच्या कामाची नोंद, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ क्रमांक लागतो. या पैशातून घेतलेलं यंत्र भांडवली मालमत्ता ठरतं. ते सार्वजनिक ट्रस्ट, सोसायटी, कलम ८ कंपनी किंवा सरकारी यंत्रणेच्या नावे असायला हवं. खाजगी डॉक्टरांच्या रुग्णालयाच्या नावे ते चढवता येत नाही, मग तिथे कितीही गरीब रुग्ण येत असोत.

रोटरी फाउंडेशनचा ग्लोबल ग्रँट: किमान अंदाजपत्रक ३०,००० डॉलर, दोन वेगवेगळ्या देशांतले क्लब, आधी गरजेची पाहणी. मंजुरीआधी केलेला खर्च भरून मिळत नाही. यंत्राची मालकी क्लबकडे किंवा सभासदाकडे राहू शकत नाही, ती लाभार्थी संस्थेचीच. साथीच्या ऐन भरात ग्रँट मागायला बसलात तर यंत्र लाट ओसरल्यावर येईल. हा मार्ग तयारीचा आहे, धावपळीचा नाही.

परदेशातून थेट पैसा येणार असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीनंतर तो पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यावा लागतो, आणि एका नोंदणीकृत संस्थेने दुसरीकडे वळता करणं बंद झालं आहे. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या भाच्याने क्लबच्या साध्या खात्यात डॉलर पाठवणं हा सरळ कायदेभंग होतो.

आता ज्यांना यंत्र देताय त्यांच्याबद्दल. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. क्लबचं यंत्र त्यापलीकडे काय देणार, हे करारात लिहा: या यंत्राच्या वापराचा दर किती, कोणाला माफ, महिन्याचा अहवाल कोण देणार.

पंचवटीकर

हे सगळं बरोबर आहे, पण एप्रिल २०२१ मध्ये एवढं पाहायला वेळ कोणाला होता? माणसं दारात तडफडत असताना आउटलेटचा फोटो मागवायचा का?

गोदाघाट

पंचवटीकर, तुमचं म्हणणं मनापासून पटतं. म्हणूनच हे शांततेच्या काळात करून ठेवायचं. प्रत्येक क्लबने दोन किंवा तीन रुग्णालयं दत्तक घ्यावीत आणि त्यांचा एक पानी तक्ता तयार ठेवावा: खाटा, मॅनिफोल्डची क्षमता, आउटलेटचा प्रकार, मंजूर वीजभार, जनरेटर, कोणती यंत्रं आहेत, त्यातली चालू किती. दर सहा महिन्यांनी तो ताजा करावा. मग संकट आलं तर कोणाला काय लागणार ते एका फोनवर ठरतं.

त्या धावपळीत आगाऊ पैसे घेऊन गायब झालेल्या विक्रेत्यांचंही याच कारणाने फावलं. ओळखीचा पुरवठादार नव्हता, दर बांधलेला नव्हता. १०० टक्के आगाऊ कधीही देऊ नका. ३० टक्के ऑर्डरवेळी, ५० टक्के माल पोचल्यावर, उरलेले २० टक्के बसवून, चालवून, प्रशिक्षण झाल्यावर.

बायोमेड_अंबड

परवान्याचं राहिलं. व्हेंटिलेटरसारख्या वर्ग क आणि ड मधल्या (जास्त जोखमीच्या) उपकरणांना १ ऑक्टोबर २०२३ पासून उत्पादन किंवा आयात परवाना सक्तीचा आहे. अ आणि ब वर्गाला, अ मधली निर्जंतुक नसलेली आणि मोजमाप न करणारी उपकरणं सोडून, त्याच्या एक वर्ष आधीपासून. कोटेशनवर परवाना क्रमांक लिहून मागा, नसेल तर स्वस्त असलं तरी सोडा.

देखभालीच्या वार्षिक करारांत एएमसी आणि सीएमसी वेगळे. एएमसीत फक्त मजुरी, सीएमसीत सुटे भागही. सीएमसी वर्षाला किमतीच्या ५ ते ८ टक्के धरा. दोन कोटेशनांची तुलना करताना किंमत अधिक पाच वर्षांची सीएमसी अशी बेरीज करा, बऱ्याचदा स्वस्त वाटलेलं महाग निघतं.

परिचारिका_इगतपुरी

वॉर्डाच्या बाजूने थोडं. उद्घाटनाच्या दिवशी कंपनीचा माणूस अर्धा तास दाखवून जातो, तेव्हा हजर असतात ते दिवसपाळीचे. रात्रपाळीला ते मशीन अनोळखीच राहतं. प्रशिक्षण तीन वेळा मागा, प्रत्येक पाळीला एकदा, आणि एक महिन्यानंतर पुन्हा. मराठीत एक पानाची सूचना लॅमिनेट करून मशीनलाच अडकवा: सुरू कसं करायचं, तीन नेहमीचे अलार्म, कोणाला फोन.

ह्युमिडिफायरच्या बाटलीत डिस्टिल्ड किंवा निर्जंतुक पाणीच. नळाचं पाणी वापरलं की क्षार साचतात आणि संसर्गाचा धोका वाढतो. पण ते पाणी पुरवायचं कोणी? महिन्याचं पाणी, कॅन्युला, मास्क हा खर्च यंत्र देणाऱ्यांनी पहिल्या वर्षापुरता तरी धरावा.

पंचवटीकर

आमच्या भागात क्लबच्या गोदामात २०२१ पासूनचे कॉन्सन्ट्रेटर पडून आहेत. ते आता वापरता येतील का?

बायोमेड_अंबड

तपासल्याशिवाय रुग्णाला लावू नका. पाठीमागची जाळी धुऊन पूर्ण वाळवा, आतले फिल्टर बदला. पूर्ण प्रवाहावर अर्धा तास चालवून अॅनालायझरने मोजा, मशीनवरच्या हिरव्या दिव्यावर विसंबू नका. ५ लिटरवर ९० टक्क्यांच्या वर असेल तर ठीक. प्रवाह २ लिटरवर आणल्यावर शुद्धता वर येते आणि ५ वर घसरते, तर झिओलाइट थकलाय. काही कंपन्यांचे सिव्ह बेड (झिओलाइटचे डबे) बदलून मिळतात, काहींचे नाहीत, मग ते मशीन सुट्या भागांसाठी ठेवा.

चांगले निघतील ते गोदामात परत ठेवू नका. घरी ऑक्सिजन लागणारे फुफ्फुसाचे जुने रुग्ण प्रत्येक प्रभागात आहेत. अनामत घेऊन, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, फिरत्या बँकेसारखे द्या. वापरात राहिलेलं मशीन टिकतं. उरलेले दर महिन्याला दोन-तीन तास चालवा, पावसाळ्यात त्र्यंबक-इगतपुरीच्या दमट हवेत दर पंधरा दिवसांनी. बॅटरीवाली यंत्रं महिन्यातून एकदा पूर्ण चार्ज करा, नाहीतर बॅटरी मरते.

द्राक्षबाग_पिंपळगाव

सरकारी रुग्णालयात दिलेलं यंत्र पुढे दुरुस्तीच्या सरकारी कंत्राटात येतं ना?

गोदाघाट

आपोआप नाही येत. नोंद झाली पाहिजे. देणगीपत्र, बिलाची प्रत, अनुक्रमांक आणि वॉरंटी कार्ड देऊन त्याच दिवशी डेड स्टॉक रजिस्टरमध्ये चढवून पानाचा फोटो घ्या, रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत इतिवृत्तात येऊ द्या. नोंद नसलेल्या यंत्राला सरकारच्या यंत्र देखभाल कार्यक्रमाचा टॅग मिळत नाही, आणि टॅग नसला की इंजिनिअर त्याला हात लावत नाही. त्या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयातली ९५ टक्के आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातली ८० टक्के यंत्रं चालू स्थितीत असणं अपेक्षित आहे, त्यामुळे टॅग असेल तर तक्रारीला वजन येतं. वॉरंटी संपायच्या दोन महिने आधी कंपनीच्या इंजिनिअरकडून शेवटची पूर्ण तपासणी करून घ्या आणि तो अहवाल वैद्यकीय अधीक्षकांना द्या. ती तारीख क्लबच्या नव्या सचिवाच्या पदग्रहणाच्या कागदांत लिहिलेली असू द्या.

द्राक्षबाग_पिंपळगाव

धन्यवाद. मागणीपत्राचा आणि तक्त्याचा नमुना मराठीत करून उद्या इथे टाकतो. निफाड तालुक्यापासून सुरू करू.